एक गिगाहर्ट्झची थट्टा आणि वॅटचा विसर

डिसेंबर २०२५ च्या मध्याला सी-डॅकच्या ‘ध्रुव६४’ या प्रोसेसरची घोषणा झाली. चौसष्ट बिट, दोन गाभे, एक गिगाहर्ट्झ, आणि भोवती रिस्क-फाइव्ह या मुक्त रचनेवर उभा राहिलेला स्वदेशी कार्यक्रम, एवढा तपशील बातमीत होता. त्यानंतरच्या दोन दिवसांत समाजमाध्यमांवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया वाहत होत्या. एका बाजूला भारत आता चिपच्या क्षेत्रात स्वयंपूर्ण झाल्याचा जयघोष, दुसऱ्या बाजूला खवचट हिशेब : इंटेल आणि एएमडी यांनी एक गिगाहर्ट्झची वेस मार्च २००० मध्ये ओलांडली, म्हणजे आपण बरोबर पंचवीस वर्षे मागे. हा दुसरा हिशेब फार लोकप्रिय झाला. तो करणाऱ्यांत माझे काही विद्यार्थीही होते आणि, सांगायला संकोच वाटतो, पदार्थविज्ञानात पदवी घेतलेले काही मित्रही.

या दोन्ही प्रतिक्रियांविषयी माझी तक्रार एकच आहे. दोघांनीही चुकीची फूटपट्टी उचलली आहे. गिगाहर्ट्झ म्हणजे घड्याळाचे ठोके. एका ठोक्यात किती काम होते, ते काम करताना किती ऊर्जा खर्च होते आणि काम नसताना चिप किती खाते, हे तीन प्रश्न त्या आकड्याला विचारून उत्तर मिळत नाही. २००० सालचा एक गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री पंचवीस-तीस वॅट उष्णता बाहेर टाकत असे आणि डोक्यावर पंखा घेतल्याशिवाय बसत नसे. त्या आकड्याशी आजच्या एखाद्या यंत्रात बसवण्याच्या चिपची तुलना करणे म्हणजे बैलगाडी आणि सायकल यांचा वेग सारखा म्हणून दोन्ही एकाच जातीची वाहने ठरवण्यासारखे आहे.

हा विषय माझ्या मनात आधीपासून घोळत होता, त्याला कारण सदरमधलीच एक शेजारीण. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जबलपूर कॅन्टोन्मेंटच्या या बाजारपेठेत संगणकाच्या दुकानांची वानवा नाही, सल्ला देणाऱ्यांची तर नाहीच. तिने संध्याकाळी दोन छापील पाने माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, “दादा, रास्पबेरी पाय कमी वीज खातो असे सगळे म्हणतात. मग यावर सत्तावीस वॅट का लिहिले आहे? आणि हा इंटेलचा एन१०० सहाच वॅटचा कसा?”

प्रश्न अगदी रास्त होता. रास्पबेरी पाय ५ सोबत जो अ‍ॅडॉप्टर घ्यावा असे कंपनी सुचवते तो पाच व्होल्टवर पाच अँपिअरपर्यंत देणारा असतो आणि सत्तावीस वॅटचा म्हणून ओळखला जातो. इंटेलच्या एन१०० वर, जो २०२३ पासून स्वस्त लॅपटॉपांत आणि मुठीएवढ्या मिनी-पीसीत दिसतो, सहा वॅट असे लिहिलेले असते. कागदावर पाहिले तर पाय साडेचार पट अधिक उधळा ठरतो. प्रत्यक्षात चित्र जवळजवळ उलटे असते. काम नसताना पाय ५ चा पूर्ण बोर्ड तीन वॅटच्या आसपास राहतो. एन१०० चा मिनी-पीसी बहुधा सहा ते दहा वॅट घेतो, आणि दोघांवरही पूर्ण भार टाकला तर पाय आठच्या आसपास तर मिनी-पीसी वीसच्या आसपास जातो.

दोन्ही आकडे खोटे नाहीत. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, एवढेच. सत्तावीस वॅट ही अ‍ॅडॉप्टरची ऐपत आहे, त्यात बोर्डाला जोडलेल्या हार्ड डिस्कची, कॅमेऱ्याची, आणखी चार यूएसबी वस्तूंची सोय धरलेली आहे. घराचा मुख्य फ्यूज तीस अँपिअरचा आहे म्हणून आपण रोज तीस अँपिअर जाळत नाही. उलट सहा वॅट हा आकडा केवळ चिपचा आहे, आणि तोही वापराचा नसून उष्णतारचनेचा : थंड करण्याची व्यवस्था निदान इतकी उष्णता सतत वाहून नेईल अशी बांधा, असे कारखानदाराने लॅपटॉप बनवणाऱ्याला सांगितलेले असते. मेमरी, डिस्क, पडदा, व्होल्टेज बदलणारी मंडले यांचा त्यात समावेश नसतो. शिवाय चिप काही क्षण त्या मर्यादेच्या वर उडी घेऊ शकते. इंटेलने बाराव्या पिढीपासून निदान प्रामाणिकपणे दोन आकडे छापायला सुरुवात केली. आय५-१२३५यू या पातळ लॅपटॉपांतल्या चिपवर मूळ शक्ती पंधरा वॅट आणि कमाल शक्ती पंचावन्न वॅट असे लिहिलेले असते. दुकानदार मात्र पंधराच सांगतो.

एन१०० चा पूर्वज म्हणता येईल अशा अ‍ॅटम एन२७० ची कथा या संदर्भात बोधक आहे. २००८ मध्ये छोट्या ‘नेटबुक’ संगणकांची लाट आली ती याच चिपवर. अडीच वॅटचा प्रोसेसर म्हणून त्याचे फार कौतुक झाले. पण त्याच्या सोबतीला बसवलेला ९४५ मालिकेतला चिपसेट जुन्या घडणीचा होता आणि तो एकटाच प्रोसेसरच्या कितीतरी पट वीज खाई. नवरदेव मिताहारी, पण वरातीने मांडव संपवला.

आता थोडे पदार्थविज्ञान. प्रोसेसरमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर-समूह हा एका लहानशा धारित्रासारखा असतो. तो भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा, एवढेच त्याचे आयुष्य. धारिता C, व्होल्टेज V, आणि सेकंदाला f वेळा ही उलाढाल, तर खर्च होणारी शक्ती C, V चा वर्ग आणि f यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. या सूत्रातला सगळा अर्थ त्या वर्गात आहे. समजा घड्याळ दोन-तृतीयांशावर आणले आणि त्यामुळे व्होल्टेज एकवरून ०.८ वर उतरवता आले. शक्ती ०.४३ पट होते. काम पूर्ण व्हायला दीडपट वेळ लागतो, तरीही त्या कामाला लागणारी एकूण ऊर्जा ०.६४ पट, म्हणजे छत्तीस टक्के बचत. हळू चालणारा प्रोसेसर काटकसरी असतो तो हळूपणामुळे नव्हे, हळूपणामुळे व्होल्टेज उतरवता येते म्हणून. व्होल्टेज तेच ठेवून नुसते घड्याळ मंद केले तर कामाची ऊर्जा तीच राहते, केवळ वाट पाहणे वाढते.

रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले तर प्रत्येक चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. तीस वर्षे उद्योग या वरदानावर जगला. २००५ च्या सुमारास व्होल्टेज आणखी उतरवणे अशक्य झाले, कारण बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही प्रवाह गळू लागला. तेव्हापासून गिगाहर्ट्झची शर्यत थांबली आणि गाभ्यांची संख्या वाढू लागली. आज आपल्या लॅपटॉपात मोठे गाभे आणि लहान गाभे अशी मिश्र पलटण असते, तिचे मूळ या घटनेत आहे.

काटकसरीचा दुसरा वंश मात्र त्याआधीच सुरू झाला होता, आणि काहीसा अपघाताने. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली एआरएम चिप २६ एप्रिल १९८५ रोजी हाती आली. तिला महाग सिरॅमिक आवरण परवडणार नव्हते. प्लास्टिकच्या आवरणात बसवायची तर एक वॅटच्या आत राहणे भाग होते. आपण मर्यादा ओलांडू या भीतीने त्यांनी इतकी काटछाट केली की चिप एक-दशांश वॅटच्या आसपास आली. वीज मोजायला प्रवाहमापक लावला तर काटा शून्यावर, आणि चिप तर व्यवस्थित चालते आहे. शोध घेता कळले की मुख्य वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. शेजारच्या चिप्सकडून येणाऱ्या संकेतांच्या तारांमधून जी गळती होत होती तिच्यावरच ती गणिते करत होती. आज जगातल्या बहुतेक फोनांत याच वंशाची रचना आहे. जिच्यासाठी हा काटकसरीपणा आखला गेला ती गोष्ट म्हणजे बॅटरी नव्हती, प्लास्टिकचे आवरण होते, हे मला या कथेतले सर्वांत मनोरंजक वाटते.

पण शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक आपले वाचकही विसरतात, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेतो. एका मिनिटात एकदा करायचे काम आहे. पहिला प्रोसेसर ते वीस वॅटवर दहा सेकंदांत संपवतो आणि उरलेली पन्नास सेकंदे एक वॅटवर डुलक्या घेतो : २०० अधिक ५०, एकूण २५० ज्यूल. दुसरा सहा वॅटवर चाळीस सेकंद राबतो आणि वीस सेकंद एका वॅटवर विश्रांती घेतो : २४० अधिक २०, एकूण २६० ज्यूल. वीस वॅटवाला जिंकला. आता पहिल्याची विश्रांतीची शक्ती एकाऐवजी तीन वॅट धरा, की तोच ३५० ज्यूलवर जातो आणि हरतो. म्हणजे निकाल ठरला तो कामाच्या वेळच्या आकड्याने नव्हे, झोपेच्या आकड्याने. लॅपटॉपचा प्रोसेसर दिवसाचा बहुतांश वेळ आपण पुढचे अक्षर टंकण्याची वाट पाहण्यात घालवतो. त्याची झोप किती गाढ आहे हा प्रश्न जाहिरातीत कधी नसतो.

याच ठिकाणी लॅपटॉपचा अल्पशक्ती प्रोसेसर आणि एम्बेडेड प्रोसेसर यांच्या वाटा वेगळ्या होतात. लॅपटॉपच्या दृष्टीने एक वॅट म्हणजे झोप. एम्बेडेड जगात एक वॅट म्हणजे धिंगाणा. तिथे झोप मायक्रोवॅटमध्ये मोजतात.

मला हा धडा पुस्तकातून मिळाला नाही. पीएच.डी.च्या काळात एका शोधकाच्या जागी तापमान आणि आर्द्रतेची नोंद ठेवायची होती. जागा शहराबाहेर, विजेचा भरवसा नाही. मी लिनक्स चालणारा चौगाभी बोर्ड लावला, कारण तो मला येत होता आणि त्यावर पायथनमध्ये दहा ओळींत काम होत होते. सोबत दुचाकीच्या धर्तीची बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बॅटरी. हिशेब मी नंतर केला, आधी करायला हवा होता : चौऱ्याऐंशी वॅट-तास भागिले तीन वॅट, अठ्ठावीस तास. वीज दीड दिवस गेली, बोर्ड मध्येच मेला, आणि मरताना मेमरी कार्डावर लिहीत असल्यामुळे आधीच्या पाच आठवड्यांच्या नोंदीही घेऊन गेला. मार्गदर्शक काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त जुन्या कपाटातून एक आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर काढून माझ्या टेबलावर ठेवला.

त्या मायक्रोकंट्रोलरसारख्या चिपचे गणित पाहा. दर दहा मिनिटांनी एक सेकंद जागे व्हायचे, ०.१५ वॅट घेऊन मापन करायचे, लिहायचे आणि झोपायचे. सरासरी निघते पाव मिलिवॅट. झोपेतला खर्च मिळवून ०.३ मिलिवॅट धरू. या दराने ती बॅटरी कागदावर तीस वर्षे पुरेल. अर्थात पुरणार नाही, कारण शिसे-आम्ल बॅटरी काही न करता महिन्याला सुमारे तीन टक्के प्रभार स्वतःच गमावते. ती गळती काढली तर साडेतीन मिलिवॅट येते, म्हणजे जिला वीज पुरवायची त्या चिपच्या दहापटींहून अधिक. इथवर आल्यावर प्रोसेसरची तुलना करणेच निरर्थक होते. बॅटरी बदलायची, प्रोसेसर नव्हे.

उन्हाळा हा आणखी एक घटक, आणि तो परदेशी परीक्षणांत जवळजवळ नसतोच. लॅपटॉपांची परीक्षणे बावीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. जबलपूरला मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. बाहेर जाणारी उष्णता ढोबळमानाने तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. चिपची मर्यादा पंच्याऐंशी अंश धरली तर पंचवीस अंशांच्या खोलीत हाती साठ अंशांचा फरक असतो, पंचेचाळीसच्या खोलीत चाळीसचा. म्हणजे तेच आवरण, तोच पंखा, पण वाहून नेता येणारी शक्ती दोन-तृतीयांश. पंधरा वॅट सतत पेलणारा लॅपटॉप इथे दहाचा होतो. पंख्याविना चालणारा असेल तर फटका आणखी जाणवतो. शिवाय तापलेल्या सिलिकॉनमधली गळती वाढते, म्हणजे त्या दहातलाही काही भाग वायाच. पाय ५ ऐंशी अंशांजवळ स्वतःचा वेग उतरवू लागतो. दुपारी तीन वाजता त्यावर प्रतिमा-ओळख चालवणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते की आपल्या आज्ञावलीत चूक आहे. चूक पत्र्याच्या छपरात असते.

‘लहान’ प्रोसेसरला कमी लेखण्याची सवय आपल्याला शोभत नाही, याचे कारण आपल्या घरातच आहे. अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळण्यात अडथळे आले, त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच्या पोटात कोणताही अजस्र प्रोसेसर नव्हता. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते : लहान, स्वस्त, एकेकटे पाहिले तर किरकोळ, पण प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे. यंत्रांत बसवण्याजोग्या अशा चिपांची मोट बांधूनच पुण्याने महासंगणकाचे दार उघडले. पुढे आयबीएमने हीच वाट धरली. नोव्हेंबर २००४ मध्ये जगातला सर्वांत वेगवान ठरलेला ब्लू जीन/एल हा संगणक सातशे मेगाहर्ट्झच्या पॉवरपीसी ४४० या एम्बेडेड वंशाच्या गाभ्यावर बांधला होता, ज्या काळात घरच्या पेंटियम फोरचे घड्याळ तीन गिगाहर्ट्झच्या पुढे होते. कारण एकच : हजारो चिपा एकत्र ठेवायच्या तर प्रत्येकीची उष्णता मोजून घ्यावी लागते. सातशे मेगाहर्ट्झला तेव्हा कोणी हसले असेल, तर त्याचे नाव इतिहासात राहिलेले नाही.

मंगळावरचे उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. पर्सिव्हिअरन्स या बग्गीचा मुख्य संगणक आरएडी७५० आहे, जास्तीत जास्त दोनशे मेगाहर्ट्झचा, १९९७ च्या सुमाराच्या पॉवरपीसी ७५० चा किरणोत्सर्ग सोसणारा अवतार. तिच्या पोटाखालून उतरलेले १.८ किलोचे इंजेन्युइटी हेलिकॉप्टर मात्र स्नॅपड्रॅगन ८०१ या फोनच्या चिपवर प्रतिमा पाहून दिशा ठरवत होते. वेगाच्या मापाने नोकराकडे मालकापेक्षा कितीतरी मोठा मेंदू. पण त्या हेलिकॉप्टरमध्येही पात्यांचे नियंत्रण फोनच्या चिपकडे दिलेले नव्हते. ते मोटारगाड्यांच्या सुरक्षायंत्रणांत वापरल्या जाणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या जोडीकडे होते, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी किरणोत्सर्ग सोसणारी एफपीजीए आणखी वेगळी. पाच उड्डाणांसाठी पाठवलेल्या त्या यंत्राने जानेवारी २०२४ पर्यंत बहात्तर उड्डाणे केली. तिन्हींतली ‘सर्वोत्तम’ चिप कोणती, असे तिथल्या अभियंत्यांना विचारले तर ते प्रश्नच समजून घेणार नाहीत.

आपला विक्रम३२०१ याच न्यायाने पाहायला हवा. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने घडवलेला हा बत्तीस बिटांचा प्रोसेसर मार्च २०२५ मध्ये इस्रोकडे सुपूर्द झाला. त्याआधी पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत तो उडवून पाहिलाही गेला होता. उणे पंचावन्नपासून एकशे पंचवीस अंशांपर्यंत चालण्याची त्याची अट आहे. १८० नॅनोमीटर म्हणजे पुन्हा पेंटियम थ्रीचाच काळ, असे म्हणून त्यावरही विनोद झाले. पण मोठ्या ट्रान्झिस्टरमध्ये गळती कमी असते आणि त्यातला एक बिट पलटवायला अंतराळातल्या कणाला अधिक प्रभार ओतावा लागतो. अग्निबाणाच्या संगणकाने चित्रपट दाखवायचा नसतो. त्याने काही मिनिटे एकही चूक न करता जगायचे असते.

मग ध्रुव६४ ची चिकित्सा करूच नये का? जरूर करावी, आणि कठोर करावी. जयघोष करणाऱ्यांना मी इतकेच सांगेन की प्रोसेसर आखणे आणि प्रोसेसर घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सी-डॅकचा आधीचा तेजस३२ मलेशियात घडला, तेजस६४ मोहालीत. दोन्ही वाक्यांतला फरक ज्याला कळतो त्याने ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द जपून वापरावा. थट्टा करणाऱ्यांना मी सांगेन की प्रश्न विचारा, पण नेमके विचारा. मी वाचलेल्या बातम्यांत गिगाहर्ट्झ होते, वॅट नव्हते. दोन्ही गाभे पूर्ण भारावर असताना बोर्ड किती घेतो? झोपेत किती? पंचेचाळीस अंशांच्या दुपारी त्याचे एक गिगाहर्ट्झ टिकते का? त्यावर लिनक्सची कोणती आवृत्ती चालते आणि तिची दुरुस्ती पुढची दहा वर्षे कोण करील? एम्बेडेड क्षेत्रात चिप जिंकते ती बहुधा या शेवटच्या प्रश्नावर. रास्पबेरी पाय जगभर पसरला तो वेगाने नव्हे. त्याहून वेगवान बोर्ड त्याच किमतीत नेहमीच मिळत होते. पण त्यांचे दस्तऐवज अर्धवट, चालक-आज्ञावल्या जुन्या, आणि अडचण आली तर उत्तर देणारे कोणी नाही. माझ्या मते तेजस३२ चे एरिस बोर्ड, शंभर मेगाहर्ट्झ आणि २५६ किलोबाइट स्मृती असलेले, आपल्या तंत्रनिकेतनांत पोचवण्याला ध्रुवच्या घोषणेपेक्षा अधिक महत्त्व आहे. दिवे लावण्याच्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्याला ज्या चिपची भाषा कळते, तीच चिप तो दहा वर्षांनी पंपात, मीटरमध्ये, रुग्णालयाच्या यंत्रात बसवतो.

जबलपुरात ‘शक्ती’ म्हटले की लोकांना प्रथम वीज कंपन्यांचे शक्तीभवन आठवते, मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ प्रोसेसर फार नंतर. योगायोग असला तरी हा क्रम मला बरोबर वाटतो. आधी विजेचा हिशेब, मग चिपचे नाव.

तो हिशेब महाविद्यालयांच्या खरेदीत कोणी मांडत नाही. प्रयोगशाळेत चाळीस संगणक आहेत आणि त्यांवर विद्यार्थी मुख्यतः सी, पायथन आणि ब्राउझर चालवतात असे धरा. प्रत्येकी साठ वॅट घेणाऱ्या जुन्या डेस्कटॉपऐवजी पंधरा वॅटचे मिनी-पीसी ठेवले तर एकूण १.८ किलोवॅट वाचतात. दिवसाला आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस, म्हणजे ३,६०० युनिट. युनिटला आठ रुपये दर धरला तर अठ्ठावीस हजार आठशे रुपये. शिवाय खोलीत १.८ किलोवॅटचा हीटर बंद केल्यासारखे होते, त्यामुळे वातानुकूलनाचा खर्च उतरतो तो निराळा. निविदांमध्ये मात्र अट असते ती गाभ्यांची संख्या आणि गिगाहर्ट्झ यांची. भिंतीतल्या प्लगवर प्रत्यक्ष मोजलेले वॅट, भारावर आणि विश्रांतीत, एवढी एक ओळ निविदेत घातली तर निम्मे दावे आपोआप गळतील. त्यासाठी लागणारा वॅटमापक एका पाठ्यपुस्तकाच्या किमतीत मिळतो.

याला एक बाजू आहे ती मला मान्य करायला हवी. कमी शक्तीचा मोह आंधळेपणानेही होतो. माझ्या परिचयाच्या एका गटाने संख्यात्मक अनुकरणाचे काम पायच्या आठ बोर्डांवर वाटून करायचा घाट घातला, काटकसर म्हणून. जाळ्यातून माहिती ने-आण करण्यातच बहुतेक वेळ गेला आणि एका साध्या आठगाभी लॅपटॉपने तेच काम कमी वेळात आणि कमी ऊर्जेत केले. ट्रान्सप्युटरच्या चार दुव्यांचे महत्त्व त्यांना तेव्हा कळले असावे. मोठे काम असेल तर मोठे यंत्रच काटकसरीचे. खोडदच्या जीएमआरटीमध्ये तीस अँटेनांचे संकेत एकत्र गुंफायला एफपीजीए आणि ग्राफिक्स प्रोसेसर लागतात, तिथे वॅट मोजत लहान बोर्ड मांडणे हास्यास्पद ठरेल.

शेजारणीला मी शेवटी दोन वेगळी उत्तरे दिली. अभ्यासासाठी, संकलनासाठी, ऑनलाइन वर्गांसाठी तिला लॅपटॉप हवा, आणि त्यात पंखा असलेला, मेमरी वाढवता येणारा, मधल्या दर्जाचा. एन१०० चालेल, पण चार वर्षे रेटायचा असेल तर जरा वरचा बरा. पंख्याविना येणारे देखणे मॉडेल मे महिन्यात तिला रडवील. प्रकल्पासाठी, म्हणजे नर्मदेच्या घाटाजवळ पाण्याच्या तापमानाची नोंद ठेवण्यासाठी, लॅपटॉपही नको आणि पायही नको, दोन-तीनशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर पुरे. ती थोडी हिरमुसली. पायवर छान रंगीत आलेख दाखवता येतात, परीक्षकांना आवडतात, असे तिचे म्हणणे. मी म्हटले, आलेख घरी काढ, घाटावर फक्त नोंद कर.

तिने एरिस बोर्ड वापरून पाहायचे ठरवले आहे. तो झोपेत किती प्रवाह घेतो हे आम्ही येत्या रविवारी मोजणार आहोत, एकदा खोलीत आणि एकदा दुपारी गच्चीवर. आपल्यापैकी ज्यांच्याकडे तेजस किंवा शक्ती वंशाचा कोणताही बोर्ड असेल त्यांनी हेच मोजून आकडे खाली लिहावेत. कोणत्या मापकाने मोजले, सभोवतालचे तापमान किती होते आणि बोर्डाला काय काय जोडलेले होते, ही माहिती सोबत द्यावी. नुसते गिगाहर्ट्झ लिहू नयेत.